मेजावर मांडलेली बंदूक

जानेवारीचा पहिला आठवडा आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांच्या आवारात मांडव पडतो. शेतात कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते, तुरी वाळत आलेल्या असतात, आणि शाळेतली पोरं-पोरी गणवेशात, दोन-दोनच्या रांगेने ठाण्याच्या फाटकातून आत येतात. एरवी त्या फाटकाजवळून जाताना गावातला माणूस आवाज खाली आणतो. मांडवात लांब मेज, मेजावर पांढरी चादर, चादरीवर ओळीने बंदुका आणि प्रत्येकीपुढे एक चिठ्ठी: नाव, वजन, पल्ला, मॅगझिनमध्ये मावणाऱ्या गोळ्या.

२ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज प्रदान केला. तो दिवस ‘रेझिंग डे’ म्हणून पाळला जातो आणि २ ते ८ जानेवारी हा आठवडा राज्यभर साजरा होतो. श्वान पथकाची प्रात्यक्षिकं होतात, बॉम्ब शोधक व नाशक पथक आपली यंत्रं दाखवतं, सायबर फसवणुकीवर व्याख्यान होतं. पण पोरांची गर्दी शस्त्रांच्या मेजाभोवतीच असते. पुसद असो, उमरखेड असो की वणी, विदर्भातल्या मुलाला खरी बंदूक पहिल्यांदा जवळून दिसते ती बहुधा अशा मेजावर.

हवालदार एक रायफल उचलतो. मॅगझिन काढून बाजूला ठेवतो, बोल्ट मागे ओढतो, चेंबरमध्ये बोट घालून आत काही नाही याची खात्री करतो, नळी आभाळाकडे धरतो आणि मगच बोलायला लागतो. मुलांना काही न सांगता दिलेला हा पहिला धडा असतो आणि सगळ्यांत महत्त्वाचाही तोच. मग एखाद्या सातवीतल्या पोरीच्या हाती रायफल येते आणि तिचे दोन्ही खांदे खाली झुकतात. एसएलआर चार किलोंहून जड, इन्सासही चार किलोंच्या आसपास. मोबाइलच्या खेळात हेच शस्त्र पिसासारखं हलतं, घेऊन पळता येतं, उड्या मारता येतात. हातात घेतल्यावर मात्र ते मिनिटभर खांद्याला लावून धरणंही कठीण जातं.

गेल्या सात-आठ वर्षांतला सगळ्यांत ठळक बदल इथेच दिसतो. पूर्वी पोरं चिठ्ठी वाचून बंदुकीचं नाव शिकायची. आता ती मेजापाशी येतात तीच नावं घेऊन. पबजीवर भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, पुढच्या वर्षी तोच खेळ नव्या नावाने परत आला; फ्री फायरवर २०२२ मध्ये बंदी आली. तोवर खेड्यातल्या पोरांनाही ‘एकेएम’ आणि ‘एडब्ल्यूएम’ यांतला फरक पाठ झाला होता. कोणत्या बंदुकीने किती ‘डॅमेज’ होतो हे त्यांना ठाऊक असतं. ‘डॅमेज’ म्हणजे माणसाच्या मांडीत गोळी घुसली की हाडाचं काय होतं, हे खेळात नसतं. मेजावरच्या चिठ्ठीवरही ते नसतं. हे प्रदर्शन भरवणाऱ्यांची मेहनत आणि हेतू दोन्ही आदराला पात्र आहेत, पण ही उणीव मोठी आहे आणि ती बोलून दाखवली पाहिजे.

शस्त्रांचं प्रदर्शन म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढे अमेरिका येते. तिथे ‘गन शो’ म्हणजे चक्क बाजार. गावाबाहेरच्या जत्रेच्या मैदानावर किंवा एखाद्या मोठ्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी शेकडो मेजं लागतात, तिकीट काढून लोक येतात, बंदुका पाहतात, घासाघीस करतात, विकत घेतात. सुरुवातीला हा संग्राहकांचा मेळा होता, जुन्या आणि युद्धातून उरलेल्या रायफली बाळगणाऱ्यांचा. १९८६ च्या संघीय कायद्याने परवानाधारक दुकानदारांना आपल्या राज्यातल्या अशा मेळ्यांत विक्रीची मुभा दिली आणि धंद्याला जोर आला. दुकानदाराने विकली तर ग्राहकाची पूर्वपीठिका तपासायची, पण खासगी माणसाने आपल्या जवळची विकली तर अनेक राज्यांत तपासणी नाही, अशी फट राहिली. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्यांच्याकडच्या चार शस्त्रांपैकी तीन डेन्व्हरच्या एका गन शोमधून, अठरा वर्षांच्या एका मैत्रिणीच्या हस्ते, घेतली गेली होती. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या मतदारांनी कौल देऊन आपल्या राज्यापुरती ती फट बुजवली.

आपल्याकडे असा बाजार कधी भरला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं पाचवं कलम त्याला कारण आहे. बंदूक विकायला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. विक्रीसाठी ती नुसती मांडून ठेवायलाही परवाना लागतो, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. त्यामुळे भारतात सामान्य माणसापुढे बंदूक मांडणारा बहुतेक वेळा एकच: सरकार. पोलीस, लष्कर, दारूगोळा कारखाने, वस्तुसंग्रहालयं. काय मांडायचं, काय आत ठेवायचं आणि चिठ्ठीवर काय लिहायचं, हे तेच ठरवतात. म्हणून आपल्याकडच्या शस्त्रप्रदर्शनांचा इतिहास पाहताना मेजाच्या पलीकडे कोण उभं आहे ते आधी पाहावं लागतं.

ही मक्तेदारी इंग्रजी अमलापासूनची. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद केलं आणि गोऱ्यांना सूट दिली. वऱ्हाडात देशमुख-पाटलांच्या वाड्यांवर ठासणीच्या बंदुका त्यानंतरही राहिल्या, पण साहेबाच्या मर्जीने. ज्याच्या घरी बंदूक ते घर साहेबाच्या ओळखीचं, असा तिचा अर्थ झाला. ती भिंतीवर टांगलेली असे, येणाऱ्याला दिसेल अशी. सांबराची शिंगं आणि वाघाचं कातडं तिच्या शेजारी. दसऱ्याला ती खाली उतरवायची, तेलाचा बोळा फिरवायचा, हळदकुंकू वाहायचं. शेतकऱ्याच्या घरी त्याच दिवशी विळा-कोयत्याची आणि पासाची पूजा होई. दोन्ही घरांत हत्यार वर्षातून एकदाच देवापुढे येई आणि ते कुणाचं, कशाला वापरलं जातं, हे सगळ्या गावाला ठाऊक असे.

याच जिल्ह्याने शस्त्राचं आणखी एक प्रदर्शन पाहिलं आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. समोर सरकारची सशस्त्र सत्ता होती आणि सत्याग्रहींच्या हातात गवत कापायचा विळा. शस्त्र लोकांपुढे कसं धरायचं याचं इतकं विचारपूर्वक उदाहरण विदर्भाच्या इतिहासात दुसरं सापडणं अवघड. आजच्या मेजांवर त्याला जागा नसते, ती असायला हवी.

पोलिसांच्या मेजाची कथा पुढे सरकते ती एका पराभवाने. कित्येक दशकं त्या मेजाचा मानकरी ‘थ्री नॉट थ्री’ होता. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात लढवलेली ही रायफल. एक गोळी झाडली की बोल्ट वर करायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा आणि मग दुसरी. अचूक, दणकट, बिनतक्रार. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत एके-४७ घेऊन आलेल्या दहशतवाद्यांसमोर ज्यांच्या हाती ही रायफल होती त्यांनी ती चालवली. कित्येकांच्या हाती तीही नव्हती. तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर उभे होते तेव्हा त्यांच्याकडे लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने शस्त्रं, दारूगोळा आणि सराव यांतल्या त्रुटींवर बोट ठेवलं. राज्याने ‘फोर्स वन’ हे पथक उभारलं, आणि पुढच्या वर्षांत मेजावरचा क्रम बदलत गेला. एसएलआर आणि इन्सास मध्यभागी आल्या, एके-४७ आली, ग्लॉक पिस्तूल आलं. थ्री नॉट थ्री मेजाच्या कडेला, जुनी आठवण म्हणून.

मराठी माणूस एके-४७ मेजावर पाहतो तेव्हा त्याला ओंबळे आठवतात. मेजापाशी उभ्या असलेल्या आजच्या सातवीतल्या मुलाचा जन्म त्या रात्रीनंतरचा आहे. त्याला ती बंदूक खेळातून माहीत आहे. त्याला ओंबळे सांगणारं कुणीतरी तिथे उभं असावं लागतं, आणि जिथे असं सांगणारा हवालदार भेटतो तिथे ते प्रदर्शन बाकी सगळ्या प्रदर्शनांहून वरचढ ठरतं.

वणीहून निघून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो आणि थोड्याच अंतरावर भद्रावती. तिथल्या आयुध निर्माणीत तोफगोळे, सुरुंग आणि रॉकेट यांचं काम चालतं. नागपुरात अंबाझरीची निर्माणी गोळ्यांची धातूची कवचं बनवते. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटकं आणि प्रक्षेपक दारू तयार होते. वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार. नागपूरजवळ बाजारगावला खासगी कारखाना, जिथे बनलेल्या ‘नागास्त्र’ या घिरट्या घालून लक्ष्यावर पडणाऱ्या ड्रोनची पहिली खेप २०२४ मध्ये लष्कराकडे गेली. यवतमाळचा कास्तकार ज्याला कापसाचा मुलूख म्हणतो, त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला दारूगोळ्याचा मुलूख पसरलेला आहे.

या निर्माण्यांचं स्वतःचं शस्त्रप्रदर्शन असतं. १८ मार्च १८०२ रोजी कोलकात्याजवळच्या काशीपूरच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं, म्हणून दरवर्षी १८ मार्चला आयुध निर्माणी दिवस होतो. एरवी ज्या फाटकावर ओळखपत्राशिवाय पाखरूही आत जात नाही, त्या वसाहतीत त्या दिवसांत लोकांसाठी प्रदर्शन खुलं होतं. इतर प्रदर्शनांत नसलेली एक गोष्ट इथे आहे: मेजामागे उभा असलेला माणूस ती वस्तू स्वतः बनवणारा असतो. आठ तास लेथवर उभा राहणारा टर्नर, तपासणी विभागातला कर्मचारी. त्याची मुलं, बायको, सासुरवाडीची माणसं त्या दिवशी पाहायला येतात की हा रोज सकाळी भोंगा झाल्यावर जातो तो नेमकं करतो काय. गुप्ततेच्या कामात आयुष्य घालवणाऱ्याला वर्षातून एकदा आपलं काम घरच्यांना दाखवायला मिळतं. देशभरातल्या सगळ्या शस्त्रप्रदर्शनांत हे सर्वांत माणुसकीचं.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी दोनशे वर्षांची आयुध निर्माणी व्यवस्था सात सरकारी कंपन्यांत विभागली गेली. भद्रावती आणि भंडारा पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे, अंबाझरी नागपुरातल्या ‘यंत्र इंडिया’कडे. कामगार संघटनांनी या निर्णयाला कडाडून विरोध केला होता. कंपनी झाली की ताळेबंद आला, निर्यातीचं लक्ष्य आलं, आणि प्रदर्शनाला नवा प्रेक्षक आला: गिऱ्हाईक.

त्या गिऱ्हाइकाचा मेळा म्हणजे ‘डिफेन्स एक्स्पो’. केंद्र सरकारचा हा द्वैवार्षिक मेळा आधी दिल्लीत प्रगती मैदानावर भरत असे. २०१६ मध्ये तो पहिल्यांदा दिल्लीबाहेर पडला आणि आला कुठे, तर गोव्यात, केपे तालुक्यातल्या नाकेरी-किटल भागात. डोंगरपठारावर रातोरात तंबूंचं शहर उभं राहिलं आणि गावकरी रस्त्यावर उतरले. जमीन चार दिवसांसाठी म्हणून घेतात आणि कायमची अडकवतात, ही त्यांची भीती. मेळा झाला, पण गोव्यात परत आला नाही. पुढे चेन्नई, २०२० मध्ये लखनऊ, २०२२ मध्ये गांधीनगर. गांधीनगरच्या मेळ्यात प्रथमच केवळ भारतीय कंपन्यांना जागा दिली गेली आणि प्रदर्शकांचा आकडा तेराशेच्या वर गेला. २४ ते २६ फेब्रुवारी २०२४ या काळात महाराष्ट्र सरकारने पुण्याजवळ मोशीला लघुउद्योगांसाठी स्वतःचा संरक्षण मेळा भरवला. चाकण-भोसरीत सुटे भाग घडवणारा छोटा कारखानदार तिथे तोफ बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला भेटतो आणि आपला नमुना पुढे करतो. त्या मेळ्यांत तोफेपेक्षा करारनामा महत्त्वाचा. लष्कराचं ‘आपलं सैन्य जाणून घ्या’ हे प्रदर्शन वेगळ्या धर्तीचं: जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात लष्कर दिनाचं संचलन झालं, त्याआधी रेसकोर्सवर तीन दिवस लोकांनी रणगाड्यांवर चढून फोटो काढले.

या सगळ्या झगमगाटात एक मेज मांडायचं राहून जातं, आणि विदर्भाला ते विसरणं परवडणारं नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या भांडारात आग लागली. लष्करी अधिकारी आणि जवान त्यात गेले, सर्वाधिक गेले ते भांडाराच्या अग्निशमन दलातले. आजूबाजूची गावं रात्रीच्या अंधारात घरं सोडून पळाली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच भांडाराच्या परिसरात सोनेगाव शिवारात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांत कंत्राटदाराने रोजंदारीवर आणलेले जवळच्या गावांतले मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावला नऊ कामगार गेले, त्यांतल्या सहा बाया. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत छत कोसळलं आणि आठ जण गेले. त्यांतल्या बहुतेकांची नावं जिल्ह्याच्या पानापलीकडे गेली नाहीत.

रोजंदारीवरच्या माणसाला गोळ्याचा पल्ला ठाऊक नसतो. त्याला दिवसाचा रोज ठाऊक असतो, आणि त्या वर्षी सोयाबीन किंवा कापूस गेला म्हणून तो तिथे असतो. रॉकेटच्या चिठ्ठीवर वजन आणि पल्ला लिहितात, तिथेच ते भरताना कोणती काळजी घेतली जाते, कोणत्या चुकीने कोण गेलं, हे लिहिता येईल. खाणींत आणि रेल्वेत अपघातांच्या नोंदी शिकवणीचा भाग असतात. दारूगोळ्याच्या प्रदर्शनात त्या असल्या तर देशाची गुपितं फुटत नाहीत, आणि मेलेल्यांच्या घरच्यांना आपला माणूस कुठल्या कामात गेला ते जगापुढे मांडलेलं दिसेल.

सरकारी मेजाबाहेर आता एक वेगळंच प्रदर्शन भरतं आणि ते रोज भरतं. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, कमरेला देशी कट्टा लावून गाण्यावर पावलं टाकायची आणि चित्रफीत समाजमाध्यमांवर सोडायची. यवतमाळसह राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत असे गुन्हे शस्त्र अधिनियमाखाली दाखल होतात. चित्रफीतच पुरावा ठरते. मग दोन-चार दिवसांनी वर्तमानपत्रात दुसरा फोटो येतो: मेजावर कट्टा, जिवंत काडतुसं, मागे उभे पोलीस, त्यांच्या मध्ये तोंडावर काळा कपडा घातलेला तोच पोरगा. एकच हत्यार एका आठवड्यात दोनदा मांडलं जातं आणि दोन्ही वेळा लोक ते मोबाइलवरच पाहतात. लग्नात हवेत बार काढायचा शौक उत्तरेकडे जास्त, पण २०१९ च्या दुरुस्तीने त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा लावली आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरवलं.

याच मालिकेत १५ ऑक्टोबर २०२५ चा दिवस येतो. गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला आणि चोपन्न शस्त्रं खाली ठेवली गेली, त्यांत एके-४७ आणि इन्सास. पूर्व विदर्भाने चाळीस वर्षं ज्या बंदुकांचा आवाज ऐकला त्या एका ठिकाणी शांत पडलेल्या लोकांनी पाहिल्या. त्यांतल्या काही कधीकाळी पोलिसांकडूनच लुटल्या गेल्या असाव्यात, हे पाहणाऱ्यांच्या मनात आल्याशिवाय राहिलं नसेल.

जत्रेतली बंदूक मात्र फारशी बदलली नाही. वणीची रंगनाथ स्वामींची यात्रा असो, घाटंजीची असो की यवतमाळचा दुर्गोत्सव, पाळण्याच्या बाजूला फुग्यांची फळी असतेच. एअरगन मधून मोडायची, छर्रा घालायचा, पुन्हा सरळ करायची आणि फुगा टिपायचा. नळी मुद्दाम थोडी वाकडी असते ही समजूत तीन पिढ्यांची. अशा कमी ताकदीच्या, साडेचार मिलिमीटर छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. याच मापाच्या छऱ्याने ऑलिंपिकमधली दहा मीटर एअर रायफल स्पर्धा खेळतात. कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकला, तेव्हा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचं नाव देशाने ऐकलं. खेड्यातल्या पोराला बंदुकीने नाव मिळतं ते गावाचा दबदबा वाढवून नव्हे, श्वास रोखून, हे त्याने दाखवलं. तालुक्याच्या गावी चांगली रेंज आणि शिकवणारा माणूस मिळाला, तर फुग्यांच्या फळीपुढे रेंगाळणाऱ्या कितीतरी पोरांना पुढचा रस्ता सापडेल.

उरतो तो कास्तकार. बंदुकीची खरी गरज आहे असं या जिल्ह्यात कुणी म्हणत असेल तर तो. रात्री रानडुकरांचा कळप हरभऱ्यात शिरतो, रोही कपाशी तुडवतो, आणि चार महिन्यांची मेहनत दोन तासांत मातीत जाते. पूर्वी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर गावात एखादी बंदूक असे. रात्री एक बार निघाला की चार शिवारांतले कळप पांगत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला, आणि तो बसायलाच हवा होता. त्या बंदुकांचे धनी म्हातारे झाले, परवान्यांची नूतनीकरणं राहून गेली, निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करायचं, परत आणायला चकरा मारायच्या. पोरांनी तो व्याप नको म्हटलं. २०१५ मध्ये राज्य सरकारने पिकाची नासाडी करणारी रानडुकरं आणि रोही मारण्याची परवानगी देण्याची रीत सोपी केली. पण परवानगीचा कागद हातात आला तरी गोळी घालणारा परवानाधारक कुठून आणायचा, हा प्रश्न कास्तकाराच्याच दारात राहिला.

बंदूक आणि जंगल यांचा या जिल्ह्यातला सगळ्यांत मोठा प्रसंग अख्ख्या देशाने पाहिला. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका टी-१ या वाघिणीवर होता; तिच्या चाहत्यांनी तिला अवनी नाव दिलं. सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबर २०१८ रोजी वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. हत्ती आले, प्रशिक्षित कुत्री आली, कॅमेरे लागले, अत्तराचा वास पसरवून पाहिला, हैदराबादचे शिकारी शफात अली खान यांना बोलावलं गेलं. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ त्यांच्या मुलाच्या गोळीने वाघीण मेली. तिच्यामागे दोन बछडे राहिले. बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला का, यावर मुंबई-दिल्लीत मोर्चे निघाले, चौकशा झाल्या. बोराटी आणि आसपासच्या गावांत लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ज्या बायांना दोन वर्षं एकटीने शेतात जायची भीती वाटत होती, त्यांना शहरातला राग कळला नाही. शहराला त्यांची भीती कळली नाही. दिवाळी चार-पाच दिवसांवर आली होती.

आज नागपूरच्या ‘अ‍ॅग्रोव्हिजन’मध्ये किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीत यवतमाळचा कास्तकार पिकाच्या राखणीची साधनं पाहायला जातो, तेव्हा बंदूक कुठल्याच दालनात नसते. तिच्या जागी सौर झटका मशीन आहे: बारा व्होल्टची बॅटरी, छोटं पॅनल, शेताभोवती तार, आणि जनावराला हिसका बसेल पण जीव जाणार नाही इतकाच क्षणिक धक्का. रात्रभर कुत्र्याच्या आणि वाघाच्या आवाजात ओरडणारा भोंगा आहे. या साधनांची किंमत जिथे झेपत नाही तिथे थेट विजेची तार सोडली जाते, आणि तिने रानडुकरासोबत वाघ मेले, शेजारच्या शेतातली माणसंही मेली. नाहीतर प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून वाजवायची घरगुती बंदूक असते. वांदरं हाकलायला निघालेला हाच पाइप २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात खेळणं म्हणून विकला गेला आणि शंभरहून जास्त जणांचे, बहुतेक लहान मुलांचे, डोळे भाजले.

झटका मशीनच्या दालनापुढे उभा असलेला कास्तकार आधी तारेला बोट लावून पाहतो, हिसका बसल्यावर हसतो, मग विचारतो: बॅटरी किती दिवस पुरते, ढगाळ दिवसात काय, तार तुटली तर कळतं कसं, आणि वनखात्याचं अनुदान अर्ज केल्यापासून किती महिन्यांनी हाती येतं. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दालनवाल्याकडे असतात.